दुसऱ्याच्या हातचा कॉमन मॅन

२६ जानेवारी २०१५ च्या संध्याकाळी पुण्यात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण गेले. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत देशभरच्या वर्तमानपत्रांत एकच माणूस पुन्हा पुन्हा दिसत राहिला. चौकडीचा कोट, धोतर, टकलाच्या कडेने उभे राहिलेले पांढरे केस, जाड मिशी, नाकावर चष्मा. मात्र तो लक्ष्मण यांनी काढलेला नव्हता. कुठे तो तामिळ दैनिकाच्या व्यंगचित्रकाराचा होता, कुठे हिंदी, कुठे मराठी. कुणी त्याला पाठमोरा काढला, कुणी डोळे पुसताना, कुणी नुसताच उभा. प्रत्येकाची रेषा वेगळी, नाकाचा आकार वेगळा, कोटाच्या चौकटी लहान-मोठ्या. तरीही हा कोण, असं कुणाला विचारावं लागलं नाही.

मी जळगाव जामोदला चित्रकला शिकवते. त्या आठवड्यात मी ती सगळी चित्रं कापून एका वहीत चिकटवली. वडिलांना लक्ष्मण यांची कात्रणं ठेवायची सवय होती, ती माझ्यात उतरली आहे. मुंबईची वर्तमानपत्रं आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायची, तेव्हापासूनची ही सवय. वडिलांच्या वहीत एकाच हाताने काढलेला कॉमन मॅन आहे. माझ्या वहीत तोच माणूस निरनिराळ्या हातांनी काढलेला आहे. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघताना मला जे उमगलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

एखादा व्यंगचित्रकार एक पात्र घडवतो, वर्षानुवर्षं तेच काढत राहतो, आणि ते त्याची ओळख होऊन बसतं. मग कधी त्याच्या सन्मानासाठी, कधी त्याच्या पश्चात, कधी त्याच्याच आमंत्रणावरून दुसरे चित्रकार ते पात्र आपल्या हाताने काढतात. चित्रकथांच्या जगात ही मोठी जुनी रीत आहे. ती नुसती श्रद्धांजली किंवा गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पात्राचा कणा नेमका कुठे आहे, हे परका हात लागल्यावरच कळतं.

तो घडला कसा

लक्ष्मण १९४७ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले. त्याआधी ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये बाळ ठाकरे त्यांचे सहकारी होते. ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावरचं लक्ष्मण यांचं छोटं चौकटचित्र १९५१ पासून सुरू झालं. ‘जनता’ दाखवायची म्हणून सुरुवातीला ते गर्दी काढत. बंगाली, तामिळ, पंजाबी, मराठी अशी प्रांताप्रांतांची माणसं, प्रत्येकाचा पेहराव निराळा. रोजच्या घाईत एवढी माणसं काढायला वेळ कुठला? एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकटा उरला, असं लक्ष्मण स्वतः सांगत.

हा उरलेला माणूस कुठल्याही एका प्रांताचा नाही. धोतर आहे, पण त्यावर कोट आहे. वय झालेलं आहे, पण म्हातारा म्हणावं असं नाही. आणि तो बोलत नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, पुढारी भाषणं ठोकतात, त्याची बायकोसुद्धा बोलते. हा मात्र भुवया उंचावून बघत उभा असतो. पन्नासहून अधिक वर्षं तो असा हजर राहिला.

फळ्यावर त्याला काढायला घेतलं की त्यातली कारागिरी हाताला कळते. कोटाच्या चौकटी पट्टीने ओढल्या तर कोट पुठ्ठ्याचा दिसतो. लक्ष्मण यांच्या चौकटी कोटाच्या घडीबरोबर वळतात, कोपराशी दाटतात, पाठीवर सैल होतात. त्यामुळे कोटाच्या आत थोडं वाकलेलं, थकलेलं शरीर आहे हे आपल्याला जाणवतं. त्यांची रेषा ब्रशची आहे. एकाच फटकाऱ्यात ती जाड होते आणि पुन्हा बारीक होते. नाकाचा गोळा एका दमात आलेला असतो, त्याला दुसरा हात दिलेला नसतो. विद्यार्थी नाक गिरवून गिरवून काढतात आणि तिथेच चित्राचा जीव जातो.

लक्ष्मण यांच्या हयातीतच हा माणूस कागदाबाहेर पडला होता. १९८८ मध्ये ‘टाइम्स’ला दीडशे वर्षं झाल्यानिमित्त निघालेल्या टपाल तिकिटावर तो आला. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ सुरू झाली. अंजन श्रीवास्तव यांनी रंगवलेला वागले हा कॉमन मॅनचाच भाऊबंद, फक्त त्याला वाचा फुटलेली. २००१ मध्ये पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार सुरेश सकपाळ यांच्यापुढे एक अवघड प्रश्न असणार. चित्राला एका वेळी एकच बाजू असते, पुतळ्याला पाठ असते, बगल असते, वजन असतं. जे चित्रात दिसत नाही, ते सकपाळ यांना ठरवावं लागलं. पुढे कॅप्टन गोपीनाथ यांनी ‘एअर डेक्कन’साठी लक्ष्मण यांच्याकडे हा माणूस मागितला. लक्ष्मण यांनी होकार दिला आणि धोतरातला कॉमन मॅन विमानावर चढला. टपाल खातं, मालिका, पुतळा, विमान, अशा चार ठिकाणी चार निराळ्या हातांनी त्याला आपापल्या कामासाठी वळवलं, आणि तो सगळीकडे ओळखू आला.

लक्ष्मण गेले तेव्हा त्यांचं पार्थिव सिंबायोसिसच्या आवारात, याच पुतळ्याजवळ अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं.

आमच्या वर्गातला कॉमन मॅन

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेच्या तासाला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचाच धोशा असतो. त्या आटोपल्यावर मी मुलांना मोकळं काम देते. एका वर्षी फळ्यावर लक्ष्मण यांचा कॉमन मॅन काढला, त्यांची खरी चित्रं वर्गात फिरवली आणि सांगितलं, याला आपल्या जळगावात आणा.

पहिला प्रश्न मागच्या बाकावरून आला. “मॅडम, याले तोंड हाय, मंग हा बोलत काऊन नाही?”

मी म्हटलं, “तूच शोध आणि चित्रात दाखव.”

आमचा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला डोंगर आणि पलीकडे मध्य प्रदेश, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. वर्गात कापूस पिकवणाऱ्यांची मुलं असतात, बाजारपेठेतल्या दुकानदारांची असतात, डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवरचीही असतात. तिकडे घरात भिली, कोरकू बोलतात. ज्या निहाली भाषेचं कुठल्याच भाषाकुळाशी नातं लागत नाही म्हणून जगभरचे अभ्यासक तिच्याबद्दल लिहितात, ती बोलणारी कुटुंबंही याच भागात आहेत. या सगळ्या मुलांना मुंबईच्या वर्तमानपत्रातला, कोट घातलेला माणूस आपलासा करायचा होता.

पुष्कळ मुलांनी फळ्यावरचा माणूस जसाच्या तसा उतरवला आणि मागे एस.टी. स्टँड काढला. ती चित्रं नीटनेटकी होती, पण माणूस आणि स्टँड एकमेकांना भेटलेच नव्हते. एका मुलाने त्याला कापसाच्या खरेदी केंद्रावर, गाड्यांच्या रांगेत उभं केलं. पुढे काटा, काट्यावर वाकलेला माणूस, आणि कॉमन मॅन काट्याकडे बघतोय. नाक चुकलं होतं, चष्मा वाकडा होता. पण ती नजर बरोबर होती.

एका मुलीने त्याला भेंडवळच्या घटमांडणीत आणलं. भेंडवळ आमच्याच तालुक्यातलं गाव. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत काय हाललं, काय सरकलं ते पाहून पावसापाण्याचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. तिच्या चित्रात सगळे घटाकडे माना वळवून उभे होते. कॉमन मॅन सगळ्यांच्या मागे होता आणि वर आभाळाकडे बघत होता. त्याच्या तोंडी एक शब्द नव्हता, तरी त्याच्या मनात काय चाललंय ते सगळ्या वर्गाला कळलं.

खरा वाद झाला तो पाड्यावरच्या एका मुलाच्या चित्रावरून. त्याने कोट काढलाच नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पुरुष डोक्याला दुपट्टा बांधतात, तसा त्याने बांधला होता आणि कोटाच्या सगळ्या चौकटी त्या दुपट्ट्यावर नेल्या होत्या. अंगात बंडी, पाय अनवाणी, हातात पाण्याची रिकामी कॅन. मुलं म्हणाली, हा तो नाहीच, कोट कुठाय? तो मुलगा म्हणाला, “कोट घालून कोन पानी भरते?” मग वर्गाचे दोन तट पडले. एका मुलीने तोडगा काढला. तिने त्याच्या चेहऱ्यावर हात ठेवून चित्र दाखवलं, मग हात काढून दाखवलं. भुवया उंचावलेल्या, डोळे मोठे, मिशीखाली तोंड मिटलेलं. वर्ग कबूल झाला की हा तोच.

त्याच तासाला आणखी एक चित्र आलं होतं. त्यात कोट होता, धोतर होतं, चष्माही अचूक होता, पण कॉमन मॅन मूठ आवळून, तोंड उघडून घोषणा देत होता. चित्रकार मुलाचा हात वर्गात सर्वांत चांगला. तरी मुलं एकमुखाने म्हणाली, हा नाही तो.

मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर असं मुलांनीच शोधलं. कोट गेला तरी माणूस टिकतो, मौन गेलं की तो उरत नाही. लक्ष्मण यांनी हा नियम कुठे लिहून ठेवला नव्हता. पण दुसऱ्या हातांनी तो काढायला घेतल्याबरोबर तो नियम आपोआप वर आला.

वेताळाचे अनेक हात

या विषयाशी माझी पहिली ओळख लक्ष्मण यांच्यामुळे झाली नाही, ती इंद्रजाल कॉमिक्समुळे. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० पर्यंत चालवली. ती मराठीतही यायची. आमच्या पिढीच्या पोरांनी ती वाचनालयात, एस.टी.त, आणि अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली आहे. त्यातला वेताळ हा अमेरिकेतल्या ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’. कथा फॉक यांच्या, चित्रं मात्र आधी रे मूर यांची, मग विल्सन मॅकॉय यांची, त्यानंतर साय बॅरी यांची. मॅकॉय यांचा वेताळ साधा, सपाट, गोष्टीतल्या बाहुल्यासारखा. बॅरी यांचा वेताळ पिळदार, सावल्यांनी घडवलेला. लहानपणी मला वाटायचं की वेताळ मध्येच आजारी पडतो आणि पुन्हा बरा होतो. चित्रकार बदललेत, हे कळायला पुष्कळ दिवस गेले.

आणि मुखपृष्ठावरचा वेताळ तर तिसराच. ती रंगीत मुखपृष्ठं आपल्याकडचे चित्रकार बी. गोविंद करत. आतल्या पानांवर अमेरिकी रेषा, बाहेर गोविंद यांचे भडक, तजेलदार रंग आणि उसळी घेणारी हालचाल. कैक वाचकांच्या मनात आजही वेताळ म्हटलं की गोविंद यांचाच वेताळ उभा राहतो. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी ‘बहादूर’ हा अस्सल देशी नायक लिहिला, तेव्हा तो गोविंद यांनीच चितारला. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या पात्रावर वर्षानुवर्षं काम केलेल्या चित्रकाराने मग आपलं पात्र उभं केलं. पाहुणेपण ही शिकवणी असते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या सगळ्या हातांत वेताळाच्या दोन गोष्टी कुणी बदलल्या नाहीत. एक, बोटातली कवटीची अंगठी. दुसरी, मुखवट्याआडचे बुबुळं नसलेले डोळे. एवढं राखलं आणि बाकी मोकळं सोडलं.

हळबे आणि वाईरकर यांचा वारसा

मराठी चित्रकारांनी घडवलेली दोन पात्रं तर भारतभरच्या मुलांना पाठ आहेत, पण ती मराठी हातांची आहेत हे आपल्यालाच फारसं ठाऊक नसतं.

अनंत पै यांनी १९८० मध्ये ‘टिंकल’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. १९८३ मध्ये त्यात दोन पात्रं आली. एक शिकारी शंभू. संपादकीय विभागातले लुई फर्नांडिस आणि व्यंगचित्रकार वसंत हळबे यांनी त्याला जन्म दिला. लोक त्याला मोठा धाडसी समजतात, प्रत्यक्षात तो भित्रा आणि आळशी, आणि दर वेळी नशिबाने वाचतो. हळबे यांनी त्याची सोला टोपी इतकी खाली ओढली की डोळे कधी दिसतच नाहीत. व्यंगचित्रकार भीती, आनंद, लबाडी हे सगळं डोळ्यांतून दाखवतो. हळबे यांनी ते हत्यार स्वतःहून खाली ठेवलं आणि मिशी, तोंड आणि लटपटणारे पाय यांच्यावर सगळं पेललं.

हळबे यांच्यानंतर सॅव्हिओ मस्कारेन्हास यांनी शंभू हातात घेतला. त्यांची रेषा अधिक गुळगुळीत, हालचाल अधिक चपळ. काळाप्रमाणे शंभूसुद्धा शिकारीकडून वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळला. पण टोपी वर सरकली नाही. ज्या दिवशी कुणी शंभूचे डोळे दाखवील, त्या दिवशी ते दुसरंच पात्र होईल.

दुसरं पात्र सुप्पांडी. त्याची पहिली गोष्ट तिरुचिरापल्लीच्या पी. वरदराजन या वाचकाने पाठवली होती आणि तिचं मूळ तामिळ लोककथेत होतं. त्या भोळ्याभाबड्या नोकराला चेहरा दिला राम वाईरकर यांनी. ‘अमर चित्र कथा’तला गाजलेला ‘कृष्ण’ काढणारे हेच वाईरकर. देखणा कृष्ण आणि लांबुडक्या डोक्याचा सुप्पांडी एकाच हातातून उतरले आहेत. २००३ मध्ये वाईरकर गेले आणि त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर सुप्पांडी काढू लागल्या. बापाचं पात्र लेकीने पुढे नेलं. नक्कल करायची नाही आणि ओळखही पुसायची नाही, अशी ती दुहेरी जबाबदारी होती, आणि त्यांनी ती पेलली.

आमच्या भागात शेगावच्या वाटेवर कीर्तनं ऐकत मोठ्या झालेल्या माणसांना हे लगेच समजेल. कीर्तनकार बदलतो, अभंग तोच असतो. प्रत्येकाचं निरूपण वेगळं असतं, आणि श्रोते त्यासाठीच तोच अभंग पुन्हा ऐकायला येतात.

जगात काय चालतं

बाहेरच्या जगात या रीतीला चांगली शिस्त लागली आहे. १ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या ४६ व्यंगचित्रकारांनी ठरवून एका दिवसापुरत्या आपापल्या मालिका बदलून घेतल्या. सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्याला ओळखीची पात्रं अनोळखी हातांत सापडली.

चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ ही मालिका १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षं एकट्याने काढली. आपल्यानंतर ती दुसऱ्या कुणी पुढे चालवू नये, अशी त्यांची इच्छा होती. फेब्रुवारी २००० मध्ये ते गेले. त्या इच्छेला धक्का न लावता सहकाऱ्यांनी वाट काढली. २७ मे २००० ला शंभराहून अधिक मालिकांच्या चित्रकारांनी आपापल्या चौकटींत शुल्झ यांना आणि त्यांच्या पात्रांना स्थान दिलं. मालिका कुणी पुढे नेली नाही, पण सगळ्यांनी मिळून तिला नमस्कार केला.

फ्रान्समध्ये ‘ॲस्टेरिक्स’चे चित्रकार अल्बेर उदेर्झो यांना २००७ मध्ये ८० वर्षं झाली, तेव्हा वेगवेगळ्या चित्रकारांनी ॲस्टेरिक्स आपापल्या शैलीत काढून त्यांना एक अख्खा अल्बम भेट दिला. पुढे उदेर्झो यांनी हयातीतच मालिका नव्या लेखक-चित्रकारांच्या हाती सोपवली. शेजारच्या बेल्जियममध्ये ‘टिनटिन’च्या एर्जे यांनी उलट निर्णय घेतला. माझ्यानंतर टिनटिन नाही, असं ते म्हणाले, आणि १९८३ मध्ये ते गेल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातचा नवा अल्बम निघालेला नाही. दोन्ही निर्णयांचा मान राखला गेला.

मला सर्वांत भावलेलं उदाहरण २०१२ चं आहे. ‘कल डी सॅक’ मालिकेचे चित्रकार रिचर्ड थॉम्पसन यांना पार्किन्सन्सचा आजार जडला होता. या आजारावरच्या संशोधनाला पैसा उभा करण्यासाठी अनेक चित्रकारांनी थॉम्पसन यांची पात्रं काढली आणि त्यांचं पुस्तक निघालं. त्यात बिल वॉटरसन होते. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ १९९५ मध्ये थांबवून जे जवळजवळ अज्ञातवासात गेले होते, ते वॉटरसन. स्वतःचं पात्र पुन्हा न काढणाऱ्या माणसाने मित्राच्या पात्राचं तैलचित्र केलं.

परवानगी, श्रेय आणि कणा

दुसऱ्याचं पात्र काढणं ही मोकळी चराई नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या कलाकृतीवरचा हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क करारानुसार संस्थेकडेही असू शकतो. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने निर्मात्याला आणखी एक संरक्षण दिलं आहे. कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क, मालकी विकली तरी, त्याच्याकडे राहतो. वर्गात मुलांनी शिकण्यासाठी काढलं तर त्यात गैर काही नाही. पण छापायचं, विकायचं, जाहिरातीत लावायचं, तर आधी विचारलं पाहिजे. निवडणुका आल्या की कॉमन मॅन कुठल्याकुठल्या पत्रकांवर उगवतो. तिथे ना परवानगी असते, ना लक्ष्मण यांचं नाव. शिवाय तिथे तो हमखास बोलत असतो. मला याची चीड येते.

परवानगी घेतल्यावरही खरं काम उरतंच. पाहुण्या चित्रकाराने आधी मूळ चित्रकाराचा हात गिरवावा, भरपूर गिरवावा. मग त्यातलं काय काढून टाकलं तर पात्र मरतं, ते शोधावं. कॉमन मॅनचं मौन, शंभूची टोपी, वेताळाचे कोरे डोळे. एवढं सांभाळलं की बाकी सगळं स्वतःचं आणावं. नुसती हुबेहूब नक्कल करणारा मूळ चित्रकाराला काही देत नाही, आणि सगळं बदलून टाकणारा त्याच्याकडून काही घेत नाही. माझ्या वर्गातल्या दुपट्टेवाल्या मुलाने दोन्ही केलं होतं.

आपल्याकडे हे व्हायला हवं

मराठीत पात्रांची वाण नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांतून निघाला आणि दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन यांच्या रूपात आला, मग २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ यांच्या रूपात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि २०१२ मध्ये पडद्यावर आला. नटांना आपण ही पात्रं दिली, तशी ती तरुण चित्रकारांनाही द्यायला हवीत.

त्यासाठी आपल्याकडे तयार जागा आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली, तेव्हापासून मराठी व्यंगचित्र दिवाळी अंकांच्या पानांवर वाढलं आहे. शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांच्यासारखे चित्रकार आपल्याला तिथेच भेटले. त्या अंकांत दर वर्षी चार पानं राखून ठेवावीत. हयात व्यंगचित्रकाराला विचारावं, नसतील त्यांच्या कुटुंबीयांना विचारावं, आणि एका पात्रासाठी चार नव्या चित्रकारांना बोलवावं. एक मुंबई-पुण्याचा असेल तर एक गडचिरोलीचा असावा, एक बुलढाण्याचा, एक सीमाभागातला. प्रत्येक चित्राखाली दोन नावं छापावीत. पात्र कुणाचं ते आधी, हात कुणाचा ते नंतर. मानधन दोघांनाही द्यावं. याला मोठा खर्च येत नाही. संपादकाने चार पत्रं लिहिली की काम सुरू होतं.

कलाशिक्षकांनाही माझी विनंती आहे. परीक्षा संपल्यावर एक तास या कामाला द्या. मुलांना आधी मूळ चित्रकाराचं नाव सांगा, त्याची खरी चित्रं दाखवा, आणि मग पात्र त्यांच्या हवाली करा. गावातला माणूस, गावचं ऊन, गावची रांग मुलं आपोआप त्यात आणतात. आणि वाचकांनो, पुढच्या वेळी ओळखीचं पात्र अनोळखी रेषेत दिसलं, तर नाक बिघडलं म्हणून पान उलटू नका. चित्रकाराने काय राखलं आणि काय बदललं, ते एकदा शोधा, आणि चित्राखाली दोन्ही नावं छापली आहेत की नाही, तेही बघा. नसतील, तर संपादकाला जाब विचारा.